न सांगितलेला मास्क

एका राउटरने शेजारच्या राउटरला १७२.१६.३.० असा आकडा कळवला. ऐकणाऱ्याला काय कळलं? एका नेटवर्कची सुरुवात कळली. पण ते नेटवर्क केवढं आहे? तिथून पुढचे २५६ पत्ते त्याचे, की पहिले १२८, की अवघे चार? आकडा कितीही निरखला तरी त्यात हे उत्तर नाही. ते सबनेट मास्कमध्ये असतं. पत्त्याच्या ३२ बिटांपैकी डावीकडचे किती बिट नेटवर्कचे आणि उरलेले किती त्यातल्या यंत्रांचे, हे मास्क सांगतो.

राउटिंग प्रोटोकॉलचे क्लासफुल आणि क्लासलेस असे दोन प्रकार शिकवतात, त्यांच्यातला भेद एवढाच आहे: आकड्याबरोबर मास्क कळवायचा की नाही. व्याख्या एका ओळीची असल्यामुळे विद्यार्थी ती पाठ करून पुढे सरकतात. मला मात्र त्या ओळीपाशीच बराच वेळ थांबावंसं वाटतं. मास्क कळवला नाही म्हणून त्याची गरज संपत नाही. ऐकणाऱ्याला तो स्वतःच ठरवावा लागतो. क्लासफुल प्रोटोकॉलचे चमत्कारिक वाटणारे सगळे नियम म्हणजे तो ठरवण्याच्या रीती आहेत, आणि त्याची सगळी बंधनं म्हणजे त्या रीती बरोबर ठराव्यात म्हणून घातलेल्या अटी आहेत.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. आपण पाठवतो त्या माहितीच्या पॅकेटमध्ये मास्क कधीच नसतो, आजही नसतो. तिथे पाठवणाऱ्याचा पत्ता असतो आणि घेणाऱ्याचा असतो, प्रत्येकी ३२ बिट, बस. मुंबईतल्या संगणकाने जपानमधल्या सर्व्हरला काही पाठवलं, तर त्या सर्व्हरच्या नेटवर्कचा मास्क काय आहे हे मुंबईच्या संगणकाला ठाऊक नसतं आणि त्याचं त्यावाचून अडतही नाही. मास्क लागतो तो वाटेतल्या राउटरांच्या टेबलात. टेबलातल्या नोंदी राउटरांच्या आपसातल्या बोलण्यातून भरतात. त्या बोलण्याची रीत म्हणजे राउटिंग प्रोटोकॉल.

आता सुरुवातीला मास्क कळवायची गरज कुणाला का वाटली नाही? यासाठी एसटीडी कोडची व्यवस्था आठवून पाहा. सुरुवातीचा शून्य सोडला तर लँडलाइनचा क्रमांक कोडसकट दहा आकडी. मुंबईचा कोड २२, म्हणून पुढे आठ आकडे. कोल्हापूरचा २३१, पुढे सात. कुडाळचा २३६२, पुढे सहा. शहर मोठं तर कोड आखूड आणि ग्राहकांना जागा भरपूर. दहाही आकडे सलग लिहिले तरी कोड कुठे संपतो हे सुरुवातीच्या आकड्यांवरूनच ओळखता येतं. कोड किती आकडी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही, कारण ते क्रमांकाच्या तोंडातच असतं.

आयपी पत्त्यांची मूळ व्यवस्था याच धाटणीची होती. जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेला आरएफसी ७९१ हा दस्तऐवज सप्टेंबर १९८१ चा. त्यात पत्त्यांचे वर्ग ठरले. पहिला बिट ० असेल तर क्लास ए: नेटवर्कला ८ बिट, यंत्रांना २४. सुरुवात १० या बिटांनी झाली तर क्लास बी: १६ आणि १६. सुरुवात ११० असेल तर क्लास सी: २४ आणि ८. ए वर्गात नेटवर्कं फक्त १२८, पण प्रत्येकात १,६७,७७,२१६ पत्ते. बी वर्गात १६,३८४ नेटवर्कं, प्रत्येकी ६५,५३६ पत्त्यांची. सी वर्गात २०,९७,१५२ नेटवर्कं, प्रत्येकी २५६ पत्त्यांची. राउटरने पहिले तीन बिट पाहिले की नेटवर्कचा भाग कुठे संपतो हे त्याला कळलंच. अशा जगात आकड्याबरोबर मास्क पाठवणं म्हणजे ऐकणाऱ्याला ठाऊक असलेलं पुन्हा सांगणं झालं असतं. त्या काळच्या प्रोटोकॉलकर्त्यांकडून मास्क ‘राहून गेला’ असं म्हणतात, ते मला अन्यायाचं वाटतं. तेव्हा मास्क ही वेगळी गोष्टच नव्हती.

ती वेगळी झाली सबनेटमुळे. एखाद्या विद्यापीठाला क्लास बी मिळाला तर ६५ हजार यंत्रं एकाच तारेवर कोण बसवणार? इमारतीगणिक वेगळं जाळं हवं, विभागागणिक हवं. जेफ्री मोगल यांनी १९८४ मध्ये याची मांडणी केली, आणि ऑगस्ट १९८५ मध्ये मोगल आणि पोस्टेल यांच्या नावाने आरएफसी ९५० आला. यंत्रांसाठीच्या बिटांतले काही बिट काढून घ्यायचे आणि त्यांनी आतल्या आत लहान नेटवर्कं पाडायची. कुठपर्यंत काढून घेतले हे मात्र आता पत्त्याच्या तोंडात नाही. त्यासाठी बाहेरून एक माहिती हवी, आणि ती म्हणजे मास्क. संगणकाने जागं होताच ‘माझा मास्क काय?’ असं आपल्या जाळ्यात विचारावं, यासाठी एक खास संदेशही त्या दस्तऐवजात दिलेला आहे.

त्यातच एक फार विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. सबनेट ही घरातली बाब राहील. बाहेरच्या जगाला ते विद्यापीठ पूर्वीसारखंच एक क्लास बी दिसेल, आत किती तुकडे पाडले आहेत याच्याशी बाहेरच्यांना देणंघेणं नसेल. यामुळे जगभरच्या राउटरांत एका ओळीचाही बदल न करता सबनेट वापरता आली. हा मोठा फायदा. पण त्याच निर्णयाने एक गृहीतकही आत आणलं: मास्क ज्याचा त्याने जाणावा, तो एकमेकांना सांगण्याची बाब नाही.

हे गृहीतक सगळ्यांत स्वच्छ दिसतं ते रिप या प्रोटोकॉलमध्ये. त्याची मुळं झेरॉक्सच्या नेटवर्क प्रणालीत आहेत. बर्कलीच्या युनिक्सबरोबर, १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये, तो ‘राउटडी’ नावाच्या प्रोग्रॅमच्या रूपाने घरोघर गेला. जो वापरात होता तो नीट लिहून काढण्याचं काम चार्ल्स हेड्रिक यांनी जून १९८८ मध्ये आरएफसी १०५८ मध्ये केलं. दर ३० सेकंदांनी प्रत्येक राउटर आपल्याला ठाऊक असलेल्या वाटा शेजाऱ्यांना कळवतो. एका वाटेची नोंद २० बाइटांची. तिची रचना पाहण्यासारखी आहे: पत्त्याचा प्रकार २ बाइट, मग २ बाइट शून्य, मग आयपी पत्ता ४ बाइट, मग सलग ८ बाइट शून्य, आणि शेवटी अंतर ४ बाइट. इतके शून्य कशासाठी? ही नोंद केवळ आयपीसाठी आखलेली नव्हती, इतर प्रणालींचे लांब पत्तेही तीत बसावेत असा हेतू होता. आयपीचा पत्ता चार बाइटांत मावला आणि बाकीची जागा रिकामी राहिली. ‘इथे शून्यच हवं’ अशी तिच्यावर पाटी लागली. मास्कलाही नेमके चारच बाइट लागतात, आणि पत्त्याच्या शेजारीच ती रिकामी जागा होती.

पण हेड्रिक लिहीत होते तेव्हा सबनेट येऊन तीन वर्षं झाली होती. मास्क तर लागणार, आणि नोंदीत तो नाही. मग ऐकणाऱ्याने करायचं काय?

त्याला एकच आधार आहे: त्याचा स्वतःचा मास्क. समजा, राउटरच्या ज्या इंटरफेसवर निरोप आला त्याचा पत्ता १७२.१६.१.१ आणि मास्क २४ बिटांचा. निरोपात १७२.१६.३.० आलं. राउटर पाहतो की हे माझ्याच क्लास बीमधलं आहे, तेव्हा मला जो मास्क आहे तोच यालाही असणार. नोंद होते १७२.१६.३.०/२४, म्हणजे २४ बिटांचा मास्क. निरोपात १९२.१६८.७.० आलं, तर ते नेटवर्क माझं नाही. तिथल्या घरगुती गोष्टी मला कळायचं कारण नाही, म्हणून पहिले बिट पाहायचे आणि वर्गाचा मास्क लावायचा. आलेल्या आकड्यात अंदाजाच्या मास्कपलीकडचे बिटही भरलेले दिसले, तर हा एकाच यंत्राचा पत्ता असावा असं धरायचं. पाठवणाऱ्याचीही बाजू याला जुळती आहे. आपल्याच नेटवर्कच्या तारेवर बोलताना सबनेट सांगायची. वेगळ्या नेटवर्कच्या तारेवर बोलताना सबनेटांचा उल्लेख करायचा नाही, सगळ्यांच्या वतीने १७२.१६.०.० हा एकच आकडा सांगायचा. पलीकडच्याला सबनेट सांगून उपयोग काय? त्याच्यापाशी अंदाज करायला आधारच नाही.

अंदाज म्हणून या रीती उत्तम आहेत. कमीत कमी माहितीत यापेक्षा शहाणपणाचं वागता येईल असं मला दिसत नाही. पण अंदाज खरा ठरण्यासाठी दोन गोष्टी खऱ्या असाव्या लागतात: एका नेटवर्कात सगळीकडे मास्क एकच असला पाहिजे, आणि त्या नेटवर्कचे तुकडे एकमेकांना सलग जोडलेले असले पाहिजेत.

पहिली अट मोडून पाहू. कुणी १७२.१६.३.० च्या पट्ट्याचे ६४-६४ पत्त्यांचे चार भाग पाडले, म्हणजे तिथे २६ बिटांचा मास्क लावला. पहिला भाग १७२.१६.३.० म्हणून कळवला गेला. ऐकणाऱ्याने त्याला आपला २४ बिटांचा मास्क लावला आणि ६४ ऐवजी २५६ पत्ते त्याच दिशेला मानले. दुसरा भाग १७२.१६.३.६४ म्हणून आला, तर त्याच्या हिशेबात ते एकटं यंत्र ठरलं. कुठेही चूक झाल्याचा इशारा नाही, टेबल भरलेलं दिसतं, आणि पॅकेटं भलतीकडे जातात. हे टाळण्यासाठी सिस्को या कंपनीच्या राउटरांनी वेगळी वाट धरली: बाहेर पडायच्या इंटरफेसचा आणि सबनेटचा मास्क जुळत नसेल तर ती सबनेट सांगायचीच नाही. चुकीचं ऐकवण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं, हे खरं. पण मग त्या सबनेटचा ठावठिकाणा पलीकडे कळतच नाही.

दुसरी अट मोडली तर काय होतं, हे अधिक बोलकं आहे. अ, ब, क असे तीन राउटर ओळीने जोडलेले. अ च्या मागे १७२.१६.१.०/२४, क च्या मागे १७२.१६.२.०/२४. मधल्या जोडण्या मात्र १९२.१६८.५.० आणि १९२.१६८.६.० या परक्या नेटवर्कांतल्या. अ बोलतो परक्या तारेवर, म्हणून तो सांगतो १७२.१६.०.०. क सुद्धा तेच सांगतो. मधल्या ब ला दोन बाजूंनी एकच वाक्य ऐकू येतं आणि अंतरही सारखंच. त्याच्या दृष्टीने एकाच ठिकाणी जाण्याच्या या दोन तुल्यबळ वाटा आहेत, म्हणून तो थोडी पॅकेटं इकडे आणि थोडी तिकडे पाठवतो. काही पोचतात, काही हरवतात. तारा धड आहेत, राउटर धड आहेत, पाठवणारे खोटं बोललेले नाहीत. दोघांनीही नियमाप्रमाणेच सांगितलं, आणि दोन्ही वाक्यांतून नेमकी तीच माहिती गळली होती जिच्यावरून अ आणि क वेगळे ओळखता आले असते. अ कडून क कडे जाणाऱ्याचे हाल याहून वाईट. १७२.१६.०.० ची बातमी अ पर्यंत आली तरी तो ती मानत नाही, कारण त्या नेटवर्कचा तुकडा त्याच्याच घरात आहे. आपल्या घराची बातमी परक्या तारेवरून कशी घ्यायची?

यावर उपाय काय करत? मधल्या जोडण्याही १७२.१६ मधूनच द्यायच्या, म्हणजे सलगता टिकते. पण पहिल्या अटीमुळे त्या जोडणीलाही २४ बिटांचाच मास्क. दोन राउटरांमधल्या तारेला दोन पत्ते लागतात, मिळतात वापरण्याजोगे २५४. बाकीचे २५२ कायमचे अडकून पडले. नोंदीत मास्क असता तर ३० बिटांच्या मास्कने चार पत्त्यांत काम भागलं असतं. काही जण त्याच तारेवर दुय्यम पत्ते बसवून वेळ मारून नेत. कुठली इमारत कुठल्या तारेने जोडायची, कुणाला कुठले पत्ते द्यायचे, किती वाया घालवायचे, हे सगळं त्या चार न पाठवलेल्या बाइटांनी ठरवलं. मला या विषयात सगळ्यांत विलक्षण वाटतं ते हे.

हीच ओढाताण जगाच्या पातळीवर फार मोठी झाली. दोन हजार यंत्रांच्या संस्थेला क्लास सी पुरत नाही, म्हणून ती क्लास बी मागणार आणि त्यातले साठ हजारांहून अधिक पत्ते पडून राहणार. १९९० च्या उन्हाळ्यात व्हँकुव्हरला इंटरनेट अभियंत्यांची बैठक झाली. त्या वेगाने क्लास बीचे पत्ते मार्च १९९४ पर्यंत संपतील, असा हिशेब तिथे मांडला गेला. मग बी ऐवजी आठ क्लास सी द्यावेत? पत्ते वाचतात, पण प्रत्येक सी साठी जगभरच्या मुख्य राउटरांत वेगळी नोंद, म्हणजे एका संस्थेपायी आठ नोंदी. सी वर्गात वीस लाखांवर नेटवर्कं आहेत. त्या काळच्या राउटरांच्या मेमरीला ते झेपणारं नव्हतं.

सप्टेंबर १९९३ मध्ये विन्स फुलर, टोनी ली, जेसिका यू आणि कन्नन वरदन यांच्या आरएफसी १५१९ ने सीआयडीआर ही योजना दिली. वर्ग विसरायचे आणि प्रत्येक आकड्यामागे तिरकी रेघ मारून बिटांची संख्या लिहायची. १९२.१६८.८.० ते १९२.१६८.१५.० हे आठ क्लास सी सलग आहेत, त्यांचे पहिले २१ बिट सारखे आहेत, म्हणून ते सगळे मिळून १९२.१६८.८.०/२१. (हे पट्टे खासगी वापराचे आहेत, इथे फक्त हिशेबासाठी घेतले.) आठ नोंदींची एक नोंद झाली. पण /२१ हे वर्गाच्या २४ पेक्षा आखूड आहे. पहिल्या बिटांवरून मास्क ओळखणाऱ्याला ते कधीच सुचणार नाही, ते सांगावंच लागतं. म्हणून सीआयडीआरचा खरा भार वाटप करणाऱ्या कचेऱ्यांवर नव्हता, प्रोटोकॉलवर होता. मोठ्या नेटवर्कांमध्ये बोलला जाणारा बीजीपी तिसऱ्या आवृत्तीपर्यंत वर्गांच्याच भाषेत बोलत होता. चौथ्या आवृत्तीत तो बदलला. तिथे आधी एका बाइटात प्रिफिक्सची, म्हणजे नेटवर्कच्या भागाची, लांबी येते, मग पत्त्याचे लागतील तेवढेच बाइट. /१६ असेल तर पत्त्याचे दोनच बाइट पुरतात. आधी किती ते सांगायचं आणि मग काय ते, हा क्रम मला फार आवडतो.

रिपचं काय झालं? जानेवारी १९९३ मध्ये गॅरी माल्किन यांनी त्याची दुसरी आवृत्ती मांडली. नोंद तीच, २० बाइटांची. पत्त्यानंतरच्या आठ रिकाम्या बाइटांपैकी पहिल्या चारांत मास्क बसला, पुढच्या चारांत पुढल्या राउटरचा पत्ता. हे इतकं सहज जमलं त्याचं श्रेय हेड्रिक यांच्या दूरदृष्टीलाही आहे. आवृत्ती एकहून मोठी असेल तर ‘शून्यच हवं’ या जागांत काय आहे तिकडे दुर्लक्ष करा, असं त्यांनी १९८८ मध्येच लिहून ठेवलं होतं. ओएसपीएफ हा दुसरा प्रोटोकॉल तर पहिल्यापासूनच मास्क बाळगून होता. तो इतका काटेकोर की, एकाच इथरनेटवरच्या दोन राउटरांच्या पहिल्या ‘हॅलो’मध्येच मास्क असतो, आणि तो जुळला नाही तर ते शेजारी व्हायलाच नकार देतात.

मास्क सोबत आला की आणखी एक खोल बदल होतो. क्लासफुल जगात १७२.१६.०.० चा बाहेर एकच अर्थ होता. क्लासलेस जगात १०.०.०.०/८ आणि १०.०.०.०/१६ या दोन निराळ्या वाटा आहेत. आकडा एकच, दिशा वेगवेगळ्या असू शकतात, आणि दोन्ही एकाच टेबलात सुखाने नांदतात. मग १०.०.४.९ कडे जाणारं पॅकेट आलं तर दोन्ही नोंदी जुळतात. कुठली घ्यायची? जिचा मास्क लांब तीच, कारण तिला त्या ठिकाणाबद्दल जास्त ठाऊक आहे. यालाच लाँगेस्ट मॅच म्हणतात. वरच्या अ, ब, क या ओळीत आता अ म्हणतो १७२.१६.१.०/२४, क म्हणतो १७२.१६.२.०/२४, आणि ब समोर कसलाही पेच उरत नाही.

इथे प्रोटोकॉल आणि टेबल शोधण्याची पद्धत या दोन गोष्टी अलग ठेवायला हव्यात. त्यांची गल्लत सतत होते. जुनी शोधाची पद्धतही वर्गांवर चालायची. आधी मुख्य नेटवर्क टेबलात आहे का पाहायचं. असेल आणि हवी ती सबनेट त्यात नसेल, तर पॅकेट टाकून द्यायचं, डिफॉल्ट रूट, म्हणजे दुसरी कुठलीच नोंद जुळली नाही तर घ्यायची वाट, असला तरी वापरायचा नाही. ‘माझ्याच नेटवर्कची सबनेट मला ठाऊक नाही, म्हणजे ती अस्तित्वातच नाही,’ असा तो तर्क. प्रोटोकॉल क्लासलेस घेतला आणि शोध जुन्या पद्धतीचाच ठेवला, तर टेबलात डिफॉल्ट रूट डोळ्यांसमोर असूनही पॅकेटं नाहीशी होतात. सिस्कोच्या राउटरांवर ‘आयपी क्लासलेस’ ही आज्ञा याचसाठी होती. नंतर ती मुळातच चालू ठेवून येऊ लागली.

असाच दुसरा सापळा म्हणजे ऑटो-समरी. मास्क पाठवता येत असूनही रिपची दुसरी आवृत्ती आणि ईआयजीआरपी हा प्रोटोकॉल सिस्कोच्या जुन्या राउटरांवर न सांगताच वर्गाच्या सीमेवर सारांश काढत. परक्या तारेवर पाऊल पडलं की /२४ च्या सगळ्या वाटा एका १७२.१६.०.०/१६ मध्ये गुंडाळायच्या. पुन्हा ब समोर तोच पेच, फक्त आता आकड्यापुढे रेघ मारलेली. म्हणून ‘नो ऑटो-समरी’ लिहिण्याची सवय एका पिढीच्या बोटांत बसली. सारांश काढण्यात वाईट काही नाही, टेबल लहान ठेवायचं तर तो हवाच. तो कुठे आणि किती बिटांवर काढायचा हे मात्र जाळं डोळ्यांसमोर ठेवून माणसाने ठरवावं. अ च्या मागे १७२.१६.८.० ते १७२.१६.११.० या चार सबनेट सलग असतील, तर अ ने ब ला १७२.१६.८.०/२२ एवढंच कळवावं. चार नोंदी वाचल्या, आणि क च्या मागच्या एकाही पत्त्यावर अ ने हक्क सांगितला नाही.